एक्स-रेची पट्टी आणि परातभर काकवी

पंचशीलाला कुणी ‘जपून बरं’ म्हटलं की तिच्या कपाळावर आठी चढते. हे शब्द ती कळायला लागल्यापासून ऐकते आहे. गार पाण्यात हात घालू नको, जपून. पोरांमागं पळू नको, जपून. एवढं शिकू नको, जपून. म्हणणारी माणसं वाईट नसतात. पण निम्म्यांना तिच्या जिवापेक्षा स्वतःच्या डोक्याचा घोर टाळायचा असतो, असं तिचं मत आहे, आणि तिच्यासोबत राहून माझंही तेच झालंय.

आम्ही दोघी अहमदपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. ती भौतिकशास्त्र, मी मराठी. तासिका तत्त्व म्हणजे शिकवले तेवढे तास आपले, आणि सुट्टी लागली की घरी बसून भिंतीकडं बघायचं. ती नवीन आली तेव्हा दोन जिने चढून प्रयोगशाळेच्या दारात धापा टाकताना प्राचार्यांनी तिला पाहिलं. भला माणूस. म्हणाले, "मॅडम, तुमचा वर्ग खालीच घेऊ. सामान शिपाई आणून देईल." ती म्हणाली, "सर, प्रयोगशाळा वर आहे तर मी वरच येणार. मधल्या वळणावर जरा टेकेन, तेवढं चालवून घ्या." तेव्हापासून ती त्या वळणावर टेकते, आणि कुणी हात द्यायला आलं की त्या हातात आपली पुस्तकं देते. मला ही बाई तिथंच आवडली.

तिला सिकलसेल आहे. हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो. त्याला सहसा काही होत नाही आणि बऱ्याचदा त्याला ते ठाऊकही नसतं. दोघांकडून आला की दुखणं पदरात पडतं. थंडी बाधली, पाणी कमी पडलं, दगदग झाली की हाडांत कळ उठते. तेव्हा पंचशीला भिंतीकडं तोंड करून पडून राहते आणि कुणाशीही बोलत नाही. बाकीच्या दिवशी ती इतकी बोलते की स्टाफरूममध्ये दुसऱ्याला जागा मिळत नाही.

तिची पीएचडी याच रक्ताबद्दल आहे. विषय ती मला कैक वेळा समजावते, आणि मला कळला म्हणजे तो कुणालाही कळेल. लाल पेशींत प्राणवायू वाहून नेणारे रेणू असतात. तिच्यासारख्यांच्या रक्तातले रेणू प्राणवायू देऊन मोकळे झाले की एकमेकांना धरून बसतात. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी लांब साखळी तयार होते. ती शिवणाच्या दोऱ्यासारखी लुळी नसते आणि लोखंडी सळईसारखी हट्टीही नसते. खराट्याच्या काडीइतकी ताठ म्हणा. सरळ राहू बघते, दाबली तर वाकते. अशा साखळ्यांनी भरलेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि मग कळ येते. पंचशीलाचा प्रश्न असा आहे की अशा ताठ साखळीच्या टोकाला जोर लावला तर ती काय करते, आणि किती वेळात करते.

"काय करणार, वाकेल," मी म्हटलं होतं. तिनं माझ्याकडं नापास पोरीकडं बघावं तसं पाहिलं.

गोष्ट इतकी सोपी नाही. साखळी मोकळ्या हवेत नसते, द्रवात असते, आणि तो द्रव तिला सगळीकडून धरून ठेवतो. हळूहळू ढकललं तर अख्खी साखळी मिळून एकच मोठी कमान करते. झटक्यात ढकललं तर ढकललेल्या टोकाजवळ बारीक बारीक नागमोडी वळणं पडतात आणि पलीकडचं टोक जागचं हलतसुद्धा नाही, कारण बातमी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते. मग ती बारीक वळणं एकमेकांत मिसळत सावकाश मोठी होतात. ओढलं तरी तसंच. आजूबाजूच्या रेणूंच्या धक्क्यांनी साखळी मुळात जराशी वाकडीतिकडी असते. ओढलं की जवळचा भाग आधी सरळ होतो, ताण पुढं सरकत जातो आणि जितका पुढं जातो तितका मंदावतो. पाठ्यपुस्तकातल्या दोरीत ताण एकदम सगळीकडं सारखा असतो. खऱ्या साखळीत तो अजून वाटेवर असतो. म्हणून जोर किती लावला एवढं विचारून भागत नाही, किती घाईनं लावला हेही विचारावं लागतं. रक्तवाहिनीतून पेशी डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढं ढकलली जाते, तेव्हा ही घाईच महत्त्वाची, असं तिचं म्हणणं.

दर शनिवारी ती एसटीनं नांदेडच्या विद्यापीठात जाते आणि संगणकावर अशा साखळ्या उभ्या करून त्यांना ढकलते, ओढते, सोडते. विषय मंजूर करणाऱ्या समितीत एक वयस्कर प्राध्यापक होते. त्यांनी काळजीनं विचारलं, की तब्येत अशी असताना एवढा किचकट विषय कशाला, एखादा सोपा घ्या. ती म्हणाली, "सर, किचकट विषय माझ्या अंगात आहे. बाहेरचा सोपा घेऊन काय करू?" प्राध्यापक हसले आणि विषय मंजूर झाला.

अकरावीच्या पोरांना मात्र संगणकावरची साखळी दिसायची, पण पटायची नाही. मग तिनं लग्नाच्या स्वयंपाकातली मोठी परात मिळवली, अहमदपूरजवळच्या एका गुऱ्हाळावरून कॅन भरून काकवी आणली आणि परातीत ओतली. साखळीसाठी तिनं आपल्या खुब्याचा जुना एक्स-रे काढला आणि कात्रीनं त्याची लांब, अरुंद पट्टी कापली. ती काकवीत धारेवर उभी तरंगते. एका टोकाला बोटानं झटका दिला की बोटाजवळ वळणं पडतात आणि दुसरं टोक शांत. तेच बोट अगदी संथ सरकवलं की सगळी पट्टी धनुष्य होते. एक्स-रेचं काय करायचं होतं तरी, हाडं कुठं पळून जात नाहीत, असं ती म्हणाली.

या परातीमुळंच आदर्श भेटला. तो लातूरला एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ अभियंता आहे. आमच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून आला आणि बाकीचे तक्ते सोडून या परातीपाशी बोटं चिकट करत बसला. चांगले प्रश्न विचारले. पुढं फोन सुरू झाले. एका संध्याकाळी बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना तिनं त्याला आजार सांगितला. तो म्हणाला, मला काही फरक पडत नाही. मलाही तो आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. दिसायला बरा, बोलायला गोड, आणि तिच्या विनोदाला हसणारा. पंचशीला तर तासाला जाताना जिन्यात फोनकडं बघून हसायची आणि मधल्या वळणावर टेकायचं विसरायची. तिला तो हवा होता. याच्याशी लग्न करायचं, लातूरला बिऱ्हाड करायचं, असं तिनं मला सरळ सांगितलं होतं.

तिचं घर मुदखेडला. वडील ग्यानोबाकाका रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. उन्हाळ्यात तापून रूळ कसा आडवा वाकतो ते बघण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, त्यामुळं लेकीच्या विषयातलं तेवढं आपल्याला समजतं असं ते अभिमानानं सांगतात. आई सरजाबाई. एकुलती एक लेक. आदर्शकडची माणसं रविवारी बघायला येणार असं ठरलं आणि मुलीकडून बोलायला एक शिकलेलं माणूस हवं म्हणून मलाही बोलावणं आलं.

येण्याच्या दोन दिवस आधी आदर्शचा फोन आला. म्हणाला, "आईला आत्ताच ते आजाराचं सांगू नको. लग्न ठरू दे. मग मी हळूहळू सांगतो."

"हळूहळू म्हणजे कधी?"

"बघू ना. एकदा तू घरात आलीस की ती काही बोलणार न्हाई."

तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "याला वाटतं मी त्याच्या बोटाखालची पट्टी आहे. संथ दाबलं की आपोआप वाकेन." आवाजात राग होता, पण डोळ्यांत भीती होती. सांगितलं तर हा माणूस हातचा जाईल, हे तिला कळत होतं.

रविवारी मी मुदखेडला पोचले तर घरात तिची आईही तेच सांगत होती. "पंचू, मागच्या पाव्हण्यांना तू दारातच सांगून टाकलं. पाणी बी न पेता गेले. या वेळी गप ऱ्हा. ठरू दे आधी."

"आई, लपवून ठरलेलं लग्न कितीक दिवस टिकतंय?"

"टिकवायचं असतं. आम्ही न्हाई का टिकवलं?"

ग्यानोबाकाका ओसरीवर खुर्च्या पुसत होते. पुसलेली खुर्ची त्यांनी पुन्हा पुसायला घेतली.

पंचशीलानं काकवीचा कॅन आणि परात सोबत आणली होती. पाहुणे काय शिकतेस म्हणून विचारतील तेव्हा दाखवून सांगायचं, असं तिनं मनात पक्कं केलं होतं. परात भरून तिनं आतल्या खोलीत झाकून ठेवली आणि साडी नेसायला गेली. पाहुणे आले. आदर्श, त्याची आई केवळाबाई, त्याचा एक काका, आणि धाकटी बहीण मनिषा, कॉलेजात शिकणारी. वडील वारलेले. काकांचा आवाज मोठा होता आणि आपल्या आवाजावर त्यांचा जीव होता.

मी पाणी आणायला आत गेले तर सरजाबाई वाटीनं परातीतली काकवी काढून ताटांत वाढत होत्या. शेजारी गरम धपाट्यांची चळत.

"मावशी, ही काकवी..."

"लई चांगली हाय. पोरीनं खास आणली बगा पाव्हण्यांसाठी. तोंडानं म्हणते एक आन् मनात काळजी हाय तिला."

तेवढ्यात पंचशीला आली आणि दारातच थबकली. "आई, हे माझं प्रयोगाचं सामान हाय."

सरजाबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. "आगं मग आधी सांगू नये का? मी तर त्यात तूप बी सोडलं."

तोवर पहिली ताटं बाहेर गेली होती. काकांनी धपाटं काकवीत बुडवलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं दाद दिली. पंचशीला माझ्याकडं बघून हसली. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग तिला समोर बसवलं. काकांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. नोकरी पर्मनंट हाय का? नाही. होणार का? सांगता येत नाही. सैपाक येतो का? येतो, पण आदर्शला माझ्यापेक्षा बरा येतो असं तो म्हणतो. केवळाबाईंनी लेकाकडं पाहिलं, लेकानं जमिनीकडं.

"आन् ती पीएचडी कशात चालू हाय म्हणे?" काकांनी विचारलं.

"दाखवते," म्हणून ती उठली आणि परात उचलून आणली. अर्धी काकवी संपली होती तरी पट्टी तरंगायला पुरेशी होती. काकांना वाटलं आणखी वाढायला आणली. त्यांनी ताट पुढं केलं. तिनं परात सगळ्यांच्या मधे ठेवली आणि पर्समधून पट्टी काढून काकवीत सोडली.

"ही माझ्या एक्स-रेची पट्टी. आता बगा." तिनं बोटानं एका टोकाला झटका दिला. वळणं पडली. पलीकडचं टोक हललं नाही. मग पट्टी सरळ केली आणि बोट इतकं सावकाश सरकवलं की बघणाऱ्यांचा श्वास कोंडला. पट्टी एका कमानीत वाकली. "जोर तोच. वेळ वेगळा. अशा साखळ्यांवर माझं काम चालू हाय."

"मजेशीर हाय," काका म्हणाले. "पण अशा साखळ्या असत्यात कुठं?"

आदर्शनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत सरळ विनंती होती. सरजाबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी पंचशीलाकडं पाहिलं. तिनं बोटाची काकवी रुमालाला पुसली, एक एक बोट करून.

"माझ्या रक्तात," ती म्हणाली. "मला सिकलसेल हाय. लहानपणापासून. औषध चालू हाय, नोकरी चालू हाय, शिक्षण चालू हाय. दुखतं तेव्हा लई दुखतं. हे तुम्हाला माहीत असल्याबिगर मी या घरातून पुढं काही ठरवू देणार न्हाई."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. केवळाबाई म्हणाल्या, "लागट हाय का?"

"न्हाई. आईबापाकडून येतंय."

"दोघांकडून," ओसरीच्या खांबाला टेकलेले ग्यानोबाकाका अचानक बोलले. "तिच्या आईकडून आन् माझ्याकडून. लोक म्हणत्यात पोरीत खोट हाय. पोरीत न्हाई खोट. आम्ही दिलंय ते ती वागवते." सरजाबाई रडायला लागल्या. त्या माणसाला मी कधी चारचौघांत एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

केवळाबाईंचा चेहरा लाल झाला. "खाऊ घालून मग सांगता व्हय हे?"

"खायच्या आधीच सांगणार होते. आईनं माझं सामानच वाढलं तुम्हाला," पंचशीला म्हणाली, आणि मला इतकं हसू आलं की मी पाण्याचा तांब्या घेऊन वळले.

काका उठायला लागले तशी ती म्हणाली, "बसा. माझं सांगून झालं. आता तुमच्याकडचं ऱ्हायलं. आदर्शनं रक्त तपासून घ्यावं. त्यानं अजून तपासलेलं न्हाई. मी त्याला दोनदा म्हणाले."

आता घरात खरा गोंधळ उडाला. मुलीच्या रक्ताबद्दल ऐकून घेतलं होतं, पण मुलाचं रक्त तपासायला सांगणारी मुलगी कुणी पाहिली नव्हती. "मुलाकडच्यांना असं बोलायची पद्धत हाय का ही?" काका म्हणाले. "आमचं रक्त सात पिढ्या साफ हाय."

"तपासलं होतं का कुण्या पिढीनं?" तिनं विचारलं.

आणि मग ती मनिषाकडं वळली. ती पोरगी आल्यापासून गप्प होती. ओसरीच्या दोन पायऱ्या चढून तिनं खांब धरला होता, हे मीही पाहिलं होतं. पण पंचशीलानं तिच्या डोळ्यांतला पिवळेपणाही पाहिला होता. "मनिषा, थंडीत हातपाय दुखतात का गं तुझे?"

"तिला वात हाय," केवळाबाई तुटकपणे म्हणाल्या. "बारकी होती तवापासून."

"मला बी वातच होता," पंचशीला म्हणाली. "बारावीपर्यंत. मग एका डॉक्टरनं रक्त बघितलं. हिला दवाखान्यात न्या. माझ्यावर राग काढा, पण हिला न्या."

ते निघून गेले. आदर्श शेवटी उठला. दारात एकदा थांबला, पण मागं वळला नाही. पंचशीलानं परातीतून पट्टी काढली, धुतली, पुसली. मग ओसरीवर बसून ती बराच वेळ रस्त्याकडं बघत होती. कशासाठी ते सगळ्यांना कळत होतं.

दवाखान्याचं काम मनिषानं केलं. आई ऐकेना, तेव्हा ती भावाला म्हणाली, मी लातूरच्या सरकारी दवाखान्यात चालले, तुला यायचं तर चल. भाऊ लाजेनं गेला. दोघांचं रक्त घेतलं. मनिषाला सिकलसेल निघाला. आदर्श वाहक निघाला. म्हणजे केवळाबाईही, आणि वारलेले वडीलही, काही ना काही वागवत होते. ही बातमी आम्हाला मनिषानंच फोनवर सांगितली. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, इतकी वर्षं मला आळशी म्हणत होते घरात."

आदर्शचा फोन त्यानंतर आला. आम्ही स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. मी उठायला लागले तर पंचशीलानं हातानं खाली बसवलं आणि फोनचा स्पीकर लावला.

"पंचू, आपलं अजून जमतंय," तो म्हणाला. "डॉक्टरशी बोललो मी. मुलांचा धोका निम्मा असतो म्हणाले, पण आधी तपासणी असते, समजून उमजून ठरवता येतं. आईला मी मनवलंय."

"तिनं काय म्हटलं?"

"तयार हाय. फक्त एक कर. माझं ते वाहकाचं कुणाला सांगू नको. घरातच ऱ्हाऊ दे. लोकांना कशाला? तुला हाय हे तर सगळ्यांना कळलंच हाय. तुला असून मी करून घेतोय, एवढंच ऱ्हाऊ दे."

पंचशीलानं लाल पेनचं टोपण लावलं. "आन् उद्या लेकरू आजारी निघालं तर लोक कुणाकडं बघतील?"

"लोकांचं सोड ना. मी तुझ्या बाजूनं ऱ्हाईन."

"तुझ्या रक्ताला मी भ्याले नव्हते, आदर्श. दोघांनी बसून ठरवलं असतं. तुझ्यासाठी मी लातूरला यायला तयार होते, आईबाप एकटे पडणार असताना सुद्धा. पण मी आजारी आणि तू देवमाणूस, या नात्यात मी यायची न्हाई. नको. माझ्याकडून नको म्हणून सांग घरी."

तिनं फोन ठेवला आणि पेपर तपासायला घेतला. एक प्रश्न तपासला, त्याला गुण दिले, आणि मग पेपरवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, दुखण्यातही नाही. मला तिची दया आली नाही. मला त्या माणसाचा इतका राग आला की समोरचा चहा मी खिडकीतून फेकून दिला, आणि तो खाली उभ्या प्राचार्यांच्या गाडीवर पडला. ते प्रकरण वेगळं.

लोकांनी काय करायचं ते केलं. लातूरहून मुदखेडपर्यंत बातमी पोचली ती अशी, की मुलाकडच्यांनी नाकारली, पोरीचं रक्त खराब निघालं. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एक बाई सरजाबाईंचं सांत्वन करायला लागल्या. पंचशीला शेजारीच होती. म्हणाली, "काकू, त्यांनी न्हाई, मी न्हाई म्हणाले." बाई हसल्या. तुझं मन राखायला असंच म्हणावं लागतं बाई, अशा अर्थाचं ते हसणं होतं. पंचशीलानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. विहारातल्या सगळ्यांनी ऐकलं. सरजाबाईंनी या वेळी तिला गप्प केलं नाही. उलट त्या म्हणाल्या, "हाव, खरं हाय ते. पोरीनंच सोयरीक मोडली."

गेल्या आठवड्यात केवळाबाई मनिषाला घेऊन अहमदपूरला आल्या. आम्ही खालच्या वर्गात बसलो. मनिषाला रोजची गोळी सुरू झाली होती आणि थंडीत एकदाही अंथरुणाला खिळली नाही, असं तिनं सांगितलं. गालांवर जरा तकाकी आली होती. केवळाबाई पदराशी चाळा करत होत्या.

"तुम्ही मनात राग धरू नका," त्या शेवटी म्हणाल्या. "आम्ही न्हाई म्हणलो तुम्हाला, पण..."

"तुम्ही कधी म्हणलात?" पंचशीला शांतपणे म्हणाली. "मी न्हाई म्हणाले."

केवळाबाईंनी पदराचा चाळा थांबवला. मग मान हलवली. "हाव. तुम्हीच." एवढं म्हणायला त्यांना फार कष्ट पडले, हे दिसत होतं. "मी दुसऱ्याच कामाला आले. मनिषाला बघायला येणार हायेत. उदगीरकडचं घर हाय, चांगलं हाय. आदर्श म्हणतो आत्ता सांगू नका, ठरलं की बघू. तुम्ही काय म्हणता, सांगावं का नको?"

पंचशीलाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. तिला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं, आणि तिनं ते गिळलं.

"मला कामून विचारता?" ती म्हणाली. "तिला विचारा."

केवळाबाई लेकीकडं वळल्या. मनिषा बाकावर ताठ बसली होती. "मी सांगणार हाय आई. आल्या आल्या, चहाच्या आधी. आन् त्यांच्या पोराचं रक्त तपासून आणा म्हणणार हाय." ती पुढं म्हणाली, "दादाचं बी सांगणार हाय मी."

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं जिन्यावरून धडधडत खाली आली. केवळाबाईंनी तो गलबला सरेपर्यंत वाट बघितली. नंतर त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि लेकीच्या नजरेला नजर दिली.

"मग माझं बी सांग," त्या म्हणाल्या.